आईच्या शब्दावर आलेले स्वेटर

माझी आई लातुरात एका शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि त्या काळी मुख्याध्यापिकेच्या शब्दाला काय वजन असायचं हे आता सांगून कुणाला पटत नाही. कुणाच्या पोराला कॉलेजात प्रवेश मिळत नसला, कुणाच्या लेकीला सासरचे नांदवत नसले, कुणाच्या गल्लीतला नळ कोरडा पडला, की माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसायची. आई चष्मा वर सरकवून सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं, मी सांगते." मग ती खरंच जाऊन सांगायची आणि काम व्हायचं. हे बघत वाढल्यामुळेच असेल, मला स्वतःला कुणाची शिफारस करायचा मनस्वी कंटाळा आहे. नांदेडला सासरी माझी ख्याती 'कुणाच्या कामाची नाही' अशी आहे. ती खोटी नाही.

ओट्यावर येणाऱ्यांत एक बाई वर्षातून एकदाच यायची, दिवाळीच्या मागेपुढे. ती तिबेटी होती. लहानपणी आईबापांबरोबर डोंगर ओलांडून आलेली, कर्नाटकात मुंडगोडच्या वसाहतीत वाढलेली. हिवाळा लागला की तिची माणसं लुधियानाचे स्वेटर घेऊन गावोगाव पांगायची. तिच्या वाट्याला लातूर आलं होतं. आमच्या लातूरची थंडी ती काय, सकाळी कानाला जरा झोंबते आणि दहा वाजता विसरून जाते. अशा गावात स्वेटर विकून दाखवायचे म्हणजे छातीच पाहिजे. मैदानाच्या कडेला त्यांची कापडी दुकानं ओळीनं लागायची, आणि ही त्या ओळीत शेवटून दुसरी बसायची.

आई पहिल्यांदा तिथं गेली ती माझ्यासाठी स्वेटर घ्यायला. भाव कमी करण्यावरून हिंदीत वाद चालला होता, आणि दोघींचंही हिंदी दिव्य होतं. वैतागून ती मुंडगोडला शिकलेल्या कानडीत काहीतरी पुटपुटली. आईचं माहेर निलंग्याकडचं, पार कर्नाटकाच्या सीमेजवळचं; तिथं घरोघर कानडी, सुट्टीत आजोळी राहून मलाही ती समजायची. तिनं कानडीतच उत्तर दिलं. ती बाई हातातला स्वेटर तसाच धरून आईकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की ओळीतले सगळे माना वळवून पाहायला लागले. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना अक्का म्हणायला लागल्या. अक्का म्हणजे थोरली बहीण. दोघीही अक्का, त्यामुळे थोरली कोण हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

तिचा धंदा कसा चालतो हे आईनं तिच्याकडून काढून घेतलं होतं. लुधियानाचा व्यापारी माल द्यायचा तो विश्वासावर. हंगाम संपताना गठ्ठे रिकामे झाले तर पुढच्या वर्षी तो चहा पाजून माल द्यायचा. गठ्ठे भरलेले परत गेले तर त्याची नजर बदलायची. पुन्हा तसंच झालं तर माल बंद, आणि माल बंद झाला की ओळीतली जागा दुसऱ्या कुणाची. परमुलखात तिच्या नावावर तेवढी एक जागाच होती. म्हणून ती दर वर्षी आईला एकच विनंती करायची, "अक्का, चार लोकांना सांग." आई सांगायची.

मग भूकंप झाला.

आमच्या घरात फडताळातली भांडी पडली आणि मागच्या भिंतीला भेग गेली, तेवढंच. आईच्या माहेरी काही उरलं नाही. आजी, मामा, मामी, त्यांची मुलं, सगळे दगडमातीखाली गेले. आई तिकडे जाऊन आली आणि शाळेत जायला लागली, पण घरी आली की भिंतीशी बसून राहायची. वडील मी लहान असतानाच गेलेले, त्यामुळे तिला समजावणारं घरात मोठं कुणी नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि समजावणं हा प्रकार मला तेव्हाही जमत नव्हता.

आमच्याकडे माणूस गेलं की घरावर दुखवटा धरतात. गोडधोड करत नाहीत, नवं नेसत नाहीत. मग सोयरे येतात, दुखातल्या माणसाला आपल्या घरी नेतात, गोड घास खायला घालतात, अंगावर नवं वस्त्र घालतात आणि म्हणतात, आता ऊठ, कामाला लाग. याला दुखवटा काढणं म्हणतात. तो दुसऱ्यानंच काढायचा असतो, आपला आपण काढता येत नाही. आईचा दुखवटा तिच्या माहेरच्यांनी काढायचा होता, आणि माहेरच गेलं होतं. सासरचे म्हणाले, हे आमचं काम नाही, माहेरच्यांचं आहे. रीत रीत म्हणतात ती अशी असते. मला अजूनही त्यांचा राग येतो.

त्या वर्षी आईची ती अक्का दिवाळीच्या सुमारास नेहमीसारखी आली. आणि तिच्या मालाला कुणी हात लावेना. देशभरातून भूकंपग्रस्तांसाठी उबदार कपड्यांचे ट्रक आले होते. रस्त्याच्या कडेला स्वेटर, कोट, शालींचे ढीग पडले होते. कुणाच्या तरी लग्नातला कोट घालून म्हातारे ढोरं राखत होते. एका बैलाच्या पाठीवर मी बायकांचा फुलाफुलांचा कार्डिगन पाहिला. जिथं फुकटचं एवढं पडलंय तिथं विकतचं कोण घेणार? आणि आनंदानं नवं घ्यावं असं घरही कुठं उरलं होतं?

ती ओट्यावर आली तेव्हा आई बाहेर आलीच नाही. शेजारच्या चाचींनी, म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या शिंप्याच्या बायकोनं, तिला सगळं सांगितलं. मी दारातच उभी होते. "बाईचं सगळं म्हायेर गेलं, बहेन," चाची म्हणाल्या. "आता इनका दुखवटा काढायला बी कुणी न्हाई राह्यलं. लई वाईट झालं." दुखवटा म्हणजे काय, हे तिनं दोनदा विचारून घेतलं. चाचींनी हातवारे करून समजावलं. गोड घास, नवं वस्त्र. ती मान हलवत ऐकत होती. धंद्याचं एक अक्षर न बोलता ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि थेट आत शिरली. आईच्या दंडाला धरून तिनं तिला उठवलं. "बा अक्का," म्हणाली, म्हणजे चल. आई का उठली मला माहीत नाही. कदाचित माहेर गेल्यापासून कानडीत तिला कुणी हाक मारली नव्हती म्हणून असेल. मैदानावर, दुकानामागच्या राहुटीत, तिनं आईला सतरंजीवर बसवलं आणि वाडग्यात भात वाढला. गोड भात, तुपातला, बेदाणे घातलेला. त्यांच्यात शुभकार्याला असाच करतात म्हणे. पहिला घास तिनं स्वतःच्या हातानं आईला भरवला. मग गठ्ठ्यातून एक नवाकोरा डाळिंबी स्वेटर काढला, विधवा बाईनं त्या काळी चुकूनही घेतला नसता असल्या रंगाचा, आणि लहान मुलीला घालावा तसा आईच्या अंगात घालून गळ्यापर्यंत बटणं लावली. आई तिच्या खांद्यावर डोकं टेकून हंबरडा फोडून रडली. मी राहुटीच्या दोरीला धरून उभी होते, मीही रडत होते. सात समुद्रापलीकडची म्हणावी अशी बाई माझ्या आईचं माहेर झाली होती.

त्या हंगामात तिचे गठ्ठे जसे आले तसे परत गेले. तिनं आईजवळ ते काढलंही नाही. आईला ते दुसऱ्या बायकांकडून कळलं. पुढच्या वर्षी आईनं शाळेच्या गणवेशात स्वेटर लावला आणि पालकांना सांगितलं की मैदानावर अमक्या ओळीत, शेवटून दुसऱ्या दुकानात मिळेल. लातूरच्या थंडीत गणवेशाला स्वेटर! काही पालक कुरकुरले, पण बाईंच्या शब्दाबाहेर कोण जाणार. आई निवृत्त होईपर्यंत ते तसं चाललं, आणि अक्काचे गठ्ठे रिकामे जात राहिले.

आई निवृत्त झाली आणि लातूर बदललं. म्हणजे ते आधीपासून बदलत होतं, आमच्या लक्षात उशिरा आलं. गल्लोगल्ली क्लास निघाले. जुन्या घरांवर मजले चढले, त्यात खोल्या, खोल्यांत कॉट, कॉटवर दूरदूरच्या गावांहून डॉक्टर व्हायला आलेली पोरं. मी नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटीनं यायचे, तर दर खेपेला स्टँडपासून घरापर्यंत नव्या पाट्या. सगळ्या पाट्यांवर मुलांचे फोटो, नाहीतर सरांचे. शाळा होत्या, पण त्यांना आता कुणी विचारत नव्हतं. आमचा ओटाही रिकामा असायचा. आई म्हणायची, बरं झालं, जरा निवांतपणा मिळाला. पण दारात कुणाची चाहूल लागली की तिचा हात चष्म्याकडे जायचा.

तिची अक्का मात्र यायची. दोघींचे केस पिकले होते. तिचे गुडघे गेले होते. शाळेनं स्वेटर केव्हाच काढून टाकला होता. एका वर्षी तिचे गठ्ठे परत गेले होते आणि लुधियानावाल्यानं चहा पाजला नव्हता. पुढच्या वर्षी ती हंगाम नसताना, आषाढातच येऊन गेली, खास आईला भेटायला. "अक्का, या क्लासमध्ये एवढी पोरं आहेत," ती म्हणाली. "क्लासवाल्यांतल्या कुणाला तरी सांग ना. एकदा गठ्ठे रिकामे नेले की माझी जागा राहील." मी तेव्हा माहेरी आलेले होते, म्हणून हे सगळं माझ्यादेखत झालं.

गावातला एक मोठा क्लास आईच्याच विद्यार्थ्याचा होता. लहानपणी हुशार आणि घरची गरिबी, आई त्याला डब्यातली पोळी द्यायची. आम्ही तिघी रिक्षानं गेलो. काचेच्या दारांची इमारत, आत गारवा. सर टेबलामागून उठून आले आणि पालकांनी भरलेल्या खोलीत त्यांनी आईच्या पायांवर डोकं ठेवलं. पालक बघत राहिले. आईनं काम सांगितलं. "बाई, तुमच्या शब्दाबाहेर आहे का मी?" सर म्हणाले. "होऊन जाईल. निळा रंग ठेवा, आणि छातीवर आपलं चिन्ह." त्यांनी माहितीपुस्तिका दिली. मुखपृष्ठावर ते चिन्ह होतं, उघड्या पुस्तकातून वर निघालेलं रॉकेट.

रिक्षात मी म्हणाले, "काही लिहून घ्यायला पाहिजे होतं का? किती घेणार, कधी घेणार?"

"तो माझा विद्यार्थी आहे," आई म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी तसा दिसत होता. अक्कालाही शंका आली नाही. तिचा सगळा धंदा जन्मभर शब्दावरच चालला होता. ज्या माणसानं चारचौघांत पाया पडून हो म्हटलं, त्याच्याकडून आणखी काय घ्यायचं असतं, हे त्या दोघींना माहीतच नव्हतं. पाया पडणं आता नुसता नमस्कार झाला आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर माल आला. सगळा एका रंगाचा, निळा, आणि प्रत्येक स्वेटरच्या छातीवर मशीननं भरलेलं रॉकेट. दुसरा माल तिनं आणलाच नव्हता. आम्ही सरांना निरोप दिला. उत्तर आलं नाही. आई गेली, तर सर लेक्चरला होते. पुन्हा गेली, तर सर पुण्याला होते. मी शिकवते त्या शाळेत रजा टाकून नांदेडहून आले आणि दोघी जाऊन बसलो. कारकून म्हणाला, "मुलांचं जॅकेट ठरलंय की, आजी. चेनवालं. वाटून बी झालं." शेवटी सर भेटले. त्यांनी पुन्हा आईच्या पायाला हात लावला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

"बाई, मी म्हणालो होतो खरं," ते म्हणाले. "पण आता हे सगळं मॅनेजमेंट बघतं. आणि तुम्ही मध्ये एकदा फोन करायला पाहिजे होता." मग त्यांनी चहा मागवला. आईनं तो घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला विद्यार्थ्यानं दिलेला चहा नाकारताना पाहिलं.

अक्काला सांगायचं आईनं कुणावर सोपवलं नाही, स्वतः जाऊन सांगितलं. अक्का थोडा वेळ गुडघे चोळत बसली. "ब्याड अक्का," म्हणाली, म्हणजे नको गं, "तू मनाला लावून घेऊ नको. माल आहे, दुकान आहे, विकू." ती चिडली असती, दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. आईलाही तेच वाटलं असणार.

पण रॉकेटवाला स्वेटर विकायचा कुणाला? त्या क्लासची पोरं जॅकेट घालत होती, आणि दुसऱ्या क्लासची पोरं शत्रूचं निशाण छातीवर कशाला लावतील? तेव्हा मी रजा वाढवली आणि आम्ही तिघी ओट्यावर बसून रॉकेटं उसवायला लागलो. चाचीही त्यांची बारीक कात्री घेऊन आल्या. मशीनची वीण घट्ट, दोरा बोटांना कापायचा. उसवताना खालची लोकर तुटायची. रॉकेट निघायचं, पण त्याच्या आकाराची बारीक भोकं राहायची, उजेडात धरलं की स्पष्ट दिसायची. आईला दिसायचं कमी, तरी ती उठायची नाही. तिच्या मांडीवर निळ्यापिवळ्या दोऱ्यांचा गुंता साचला होता.

स्वेटर विकायला निघाले तशी आई म्हणाली, "मी पण बसते दुकानात. मला ओळखणारे येतील, घेतील." आणि खरंच बसली, अक्काच्या शेजारी लाकडी खोक्यावर, पदर डोक्यावर घेऊन. जाणाऱ्यायेणाऱ्यांना "या, बघा तरी," म्हणायला लागली. जिनं जन्मात भाजीवाल्याशी घासाघीस केली नाही ती माझी आई.

ओळखणारे खूप होते. गावातली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेलेली. मी समोरच्या चहाच्या टपरीजवळ उभी राहून बघायचे. माणूस मुलाला घेऊन ओळीतून यायचा, एकेक दुकान बघत. आईवर नजर पडली की थबकायचा. मान खाली घालायचा. मुलाचा दंड धरून मैदानाच्या पलीकडून निघून जायचा. आपल्या मुख्याध्यापक बाई रस्त्यावर स्वेटर विकताहेत, हे त्यांना बघवत नव्हतं. जवळ येऊन काय बोलायचं, भाव करायचा की नाही, आणि छातीवर भोकं असलेला स्वेटर नको म्हणायचा कसा, हे त्यांना कळत नव्हतं. तेव्हा ते शेवटच्या दोन दुकानांकडे फिरकतच नव्हते. शेजारची दुकानदारीणही हवालदिल झाली होती. आईला मात्र हे दिसत नव्हतं. ती म्हणायची, "यंदा लोकांच्या हातात पैसा नाही वाटतं."

एका दुपारी अक्का लंगडत टपरीपर्यंत आली. ती माझ्याशी तिच्या त्या हिंदीत बोलली. "बेटी, अक्काको घरपे रखो," म्हणाली. "मेरेसे बोला नहीं जाता।" तिचे डोळे भरले होते. तिनं माझा हात घट्ट धरला होता.

मी आयुष्यात कुणासाठी कधी शब्द टाकला नाही. टाकला तो हा एकच, आणि तो माझ्या आईकडे टाकला. गोड बोलून, तब्येतीचं निमित्त करून सांगता आलं असतं. मला तसं जमत नाही. घरी आल्यावर मी म्हणाले, "आई, तू उद्यापासून दुकानात बसू नको. तू बसलीस की लोक वाट बदलतात." आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "तिनं सांगितलं?" तिनं विचारलं. मी मानेनंच हो म्हटलं. "बरं," आई म्हणाली.

त्यानंतर ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. भाजीसुद्धा मीच आणायचे. थोडी थंडी पडली, अक्कानं भाव उतरवले, आणि भोकांकडे न बघणारी गोरगरीब माणसं आली. खोल्यांवर राहणारी, गावाकडून जुनं जॅकेटही न मिळालेली पोरंही आली. आठवड्याच्या आत माल उठला.

निघायच्या दिवशी अक्का निरोप घ्यायला आली. रिकामे गठ्ठे रिक्षात होते. आई ओट्यावर बसली होती.

"सगळा गेला?" आईनं विचारलं.

"सगळा," अक्का म्हणाली. दोघी कानडीत बोलत होत्या, मी दारातून ऐकत होते. "तू सांगून पाठवलेली माणसं येत राहिली, अक्का. एकजण येतो, तुझं नाव घेतो, स्वेटर नेतो. तू सांगितलं नसतंस तर काही खरं नव्हतं."

आई त्या दिवसांत कुणाशी बोलली नव्हती. कुणाला तिनं काही सांगितलं नव्हतं, आणि हे त्या दोघींनाही माहीत होतं. आईनं चष्मा वर सरकवला.

"हो," ती म्हणाली. "सांगितलं होतं मी दोघाचौघांना."

अक्कानं मान हलवली. दोघींनी चहा घेतला. रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत आई उभी राहिली. मग आत आली, चहाच्या कपबश्या तिनं स्वतः विसळल्या, पालथ्या घातल्या, आणि मोरीच्या कठड्याला धरून रडायला लागली. "मी कुणालाच सांगितलं नव्हतं गं," ती मला म्हणाली. मी म्हणाले, मला माहीत आहे.